आवाजी मतदान: अध्यक्ष नेमकं काय ऐकतात?

पोटकलम

'विधेयक आवाजी मतदानाने मंजूर' ही ओळ वाचून बऱ्याच जणांचा असा समज होतो की दोन्ही बाजू ओरडतात आणि ज्यांचा गलका मोठा ते जिंकतात. दुसऱ्या एका धाग्यावर याच मुद्द्यावरून बरीच वादावादी झाली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतला नियम ३६७ डोळ्यांसमोर ठेवा. अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही'. दोन्ही आवाज ऐकून अध्यक्ष म्हणतात, "मला वाटतं, होयचं बहुमत आहे." यातला 'मला वाटतं' हा शब्दप्रयोग महत्त्वाचा. इथपर्यंत फक्त अध्यक्षांचं मत सांगून झालंय, निर्णय झालेला नाही. या मताला कोणी आव्हान दिलं नाही तर ते 'होयचं बहुमत आहे' हे वाक्य दोनदा म्हणतात, या वेळी 'मला वाटतं' गाळून, आणि मग प्रस्ताव मंजूर होतो.

आव्हान आलं तर लॉबी (सभागृहाला लागून असलेली जागा) रिकामी करण्याचा आदेश निघतो आणि घंट्या वाजू लागतात. साडेतीन मिनिटांनी तोच प्रस्ताव पुन्हा मतास टाकायचा, पुन्हा आवाज ऐकायचे, पुन्हा मत सांगायचं. तरीही आव्हान कायम राहिलं तरच मतविभागणी: यंत्राने, चिठ्ठ्यांनी किंवा सदस्यांना होय-नाहीच्या लॉबीत पाठवून.

म्हणजे निर्णयावर शिक्कामोर्तब करते ती अध्यक्षांच्या वाक्यानंतरची शांतता.

---

मागचा बाक

मग ती साडेतीन मिनिटं कशासाठी? सभागृहात आहेत त्यांची मतं लगेच घेऊन मोकळं का होत नाहीत?

---

पोटकलम

कारण सगळे सदस्य सभागृहात बसलेले नसतातच. कोणी समितीच्या बैठकीत असतं, कोणी ग्रंथालयात, कोणी कँटीनमध्ये. घंटा ऐकून त्यांनी जागेवर पोचावं यासाठी ही मुदत. ती संपली की दारं बंद होतात आणि मतदान होईपर्यंत कोणाला आत घेत नाहीत. एकदा लॉब्या रिकाम्या झाल्या की लागोपाठच्या विभागण्यांना पुन्हा घंटा वाजवत नाहीत.

आणखी एक पळवाट नियमात आहे. विभागणीची मागणी विनाकारण होतेय असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून नुसती डोकी मोजू शकतात. त्यात आकडा मिळतो, पण कोण कोणत्या बाजूला उभं राहिलं त्याची नावं नोंदली जात नाहीत.

---

डेसिबल

आवाजाच्या गणिताबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून ही भर.

सारख्याच जोराने बोलणारे लोक दुप्पट झाले तर पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. आता ६० विरुद्ध ४० असा कौल घ्या. हे भक्कम बहुमत झालं, तरी दोन गलक्यांत फरक पडतो जेमतेम १.८ डेसिबलचा. ३०० विरुद्ध २४० असेल तर १ डेसिबलच्याही किंचित खाली. शांत खोलीत, एकामागून एक ऐकवलेल्या दोन आवाजांतसुद्धा साधारण १ डेसिबलच्या खालचा फरक कानाला सहसा कळत नाही. २८८ च्या सभागृहात १४५ विरुद्ध १४३ असेल तर फरक ०.०६ डेसिबल. तो ऐकण्याच्या गोष्टी कोणी करू नयेत.

उलट एकच सदस्य इतरांपेक्षा १० डेसिबल जोरात ओरडला तर तो एकटा दहा जणांच्या बरोबरीचा. शब्द किती लांबवला, सगळे एकदम बोलले की मागेपुढे, कोण अध्यक्षांच्या आसनाजवळ बसलंय, कोणाचा माइक चालू राहिलाय, सगळ्याचा परिणाम होतो. आणि हरणारी बाजू बहुधा जास्त त्वेषाने ओरडते, हे वेगळंच.

तेव्हा कानाने मोजणी होते हा समज सोडून द्या. एकतर्फी कौल असेल तेव्हाच कान कामाला येतो, म्हणजे एका बाजूने सभागृहभर 'होय' आणि दुसरीकडून चार-पाच 'नाही'.

---

तिसरे वाचन

डेसिबल, फारच छान. प्राचीन स्पार्टात ज्येष्ठांच्या सभेवर माणसं निवडताना म्हणे परीक्षकांना जवळच्या घरात कोंडून ठेवायचे. उमेदवार कोण, कोणत्या क्रमाने येतोय, हे त्यांना दिसायचं नाही. फक्त जमावाचा गलका ऐकून कोणत्या क्रमांकाला सगळ्यात मोठा आवाज मिळाला ते लिहायचं. अ‍ॅरिस्टॉटलने या पद्धतीला बालिश म्हटलंय. निदान त्या परीक्षकांना उमेदवाराचा पक्ष तरी माहीत नसायचा!

---

मागचा बाक

हे सगळं खरं असेल तर अध्यक्ष कशाच्या आधारावर 'मला वाटतं' म्हणतात? अंदाजपंचे?

---

उपसूचना

अंदाजपंचे नाही. प्रत्येक बाजूचं संख्याबळ अध्यक्षांना पाठ असतं. सरकारच्या विधेयकाला कोणत्या पक्षाचा पाठिंबा आहे ते चर्चेतल्या भाषणांतून आधीच उघड झालेलं असतं. बाकांवर कोण हजर आहे ते समोर दिसतं. आवाज ऐकणं हे त्या माहितीवरचं शेवटचं शिक्कामोर्तब. म्हणूनच सरकारी बाक अर्धे रिकामे आणि विरोधी बाक भरलेले असतानाही कधीकधी 'होयचं बहुमत' ऐकू येतं. तिथे विरोधकांनी ताबडतोब विभागणी मागायची असते. नाही मागितली तर चूक त्यांची.

आणि ही पद्धत टिकली ती वेळेच्या हिशोबामुळे. एका साध्या विधेयकाला किती वेळा मत द्यावं लागतं ते पाहा. आधी 'विधेयक विचारात घ्यावं' हा प्रस्ताव. मग खंडवार विचार: ज्या खंडांना सुधारणा नाहीत ते एकत्र, 'खंड २ ते १८ विधेयकाचा भाग व्हावेत' असे. ज्यांना सुधारणा आहेत तिथे आधी प्रत्येक सुधारणा, मग तो खंड. त्यानंतर अनुसूची. खंड १, अधिनियमन सूत्र आणि विधेयकाचं पूर्ण नाव सगळ्यात शेवटी. त्यानंतर 'विधेयक संमत करावं'. विरोधकांनी चाळीस सुधारणा दिल्या तर चाळीस मतं. या सगळ्यांची विभागणी घ्यायची म्हटलं तर एका विधेयकात दिवस जाईल.

अर्थसंकल्पात तर याचं टोक दिसतं. ठरलेल्या वेळेला चर्चा तोडून उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एकत्र मतास टाकतात, ज्याला गिलोटिन म्हणतात. त्याआधी सगळ्या कपात सूचना (मागणीतली रक्कम कमी करा म्हणणाऱ्या) एकगठ्ठा फेटाळायच्या. हजारो कोटींचा खर्च दोन 'होय'मध्ये मंजूर.

---

घंटी

वेळ वाचतो हे खरं, पण फक्त वेळेसाठी सगळं चालतं असं नाही. नावं नोंदली जात नाहीत, ही आवाजी मतदानाची दुसरी आणि जास्त राजकीय सोय.

पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने आली. पक्षादेशाच्या विरोधात मत दिलं किंवा आदेश असूनही मतदानाला गैरहजर राहिलं, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. आता आवाजी मतदानात विरुद्ध बाजूने 'नाही' म्हटलं हे सिद्ध कसं करणार? नाव नाही, बटण नाही, चिठ्ठी नाही. गप्प बसलेला सदस्य तटस्थ होता की त्याला खोकला झाला होता, हेही कळायचं नाही. तटस्थ राहण्याची नोंद आवाजी मतदानात होऊच शकत नाही.

त्यामुळे आपल्यात फूट आहे अशी शंका असलेल्या सरकारला आवाजी मतदान सोयीचं. आणि हे कमी बोललं जातं: विरोधी पक्षालाही ते अनेकदा तितकंच सोयीचं असतं. विभागणी मागितली की आपले किती जण गैरहजर आहेत ते छापून येतं. म्हणून कित्येकदा भाषणात कडाडून विरोध होतो, 'नाही'ही जोरात म्हटलं जातं, पण विभागणी मागायला कोणी उठत नाही.

---

मागचा बाक

@घंटी, ही बाजू माहीत नव्हती. मग गणपूर्तीचं, म्हणजे कामकाजाला लागणाऱ्या किमान हजेरीचं, काय? सभागृहात वीस जण असले तरी आवाजी मतदान होऊ शकतं?

---

घंटी

कोणी बोट दाखवेपर्यंत होतं. गणपूर्ती म्हणजे एकूण सदस्यांच्या एक दशांश. लोकसभेत ५५, राज्यसभेत २५. राज्यांसाठी अनुच्छेद १८९ प्रमाणे १० किंवा एक दशांश, यातला मोठा आकडा. महाराष्ट्र विधानसभेत २९. आवाजाने मतदान झालं तर संख्या कागदावर येत नाही. विभागणी झाली की येते, आणि गणपूर्ती नसल्याचंही उघडं पडतं.

अमेरिकेत तर हा ठरलेला डाव आहे. प्रतिनिधीगृहात आवाजी मतदान झालं की एखादा सदस्य उठून 'गणपूर्ती नाही' अशी हरकत घेतो आणि तिच्या आधाराने नोंदणीकृत मतदान पदरात पाडून घेतो.

---

तिसरे वाचन

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर: तिथे हा हक्क थेट राज्यघटनेत आहे. हजर सदस्यांपैकी एक पंचमांश लोकांनी मागणी केली तर होय-नाही नावानिशी नोंदवावंच लागतं. अध्यक्षांच्या 'कानाला' तिथे फार किंमत उरत नाही. राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडायचा असेल तर नोंदणीकृत मतदान घटनेनेच सक्तीचं केलंय, आवाजी चालत नाही.

पण मागणी करणारे पुरेसे हवेत. २७ मार्च २०२० ला करोनाकाळातलं मोठं मदत विधेयक प्रतिनिधीगृहात आलं. टॉमस मॅसी यांनी नोंदणीकृत मतदान मागितलं. गणपूर्ती मोजली, ती भरली. त्यांच्या मागणीला पुरेसे लोक उभे राहिले नाहीत आणि विधेयक आवाजी मतदानानेच मंजूर झालं.

ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात, कॉमन्समध्ये, आपल्यासारखंच, किंबहुना आपण त्यांच्यासारखं. आव्हान आलं की "डिव्हिजन, क्लिअर द लॉबी". दोन मिनिटांनी प्रस्ताव पुन्हा मतास, मोजणीदारांची नावं जाहीर, आठ मिनिटांनी दारं बंद. प्रत्येक बाजूने दोन मोजणीदार द्यावे लागतात. एका बाजूला मोजणीदारच मिळाले नाहीत तर विभागणी होत नाही, आरडाओरडा करून उपयोग नाही. शिवाय 'मत आवाजाच्या मागे जावं' असा संकेत आहे: तोंडाने 'होय' म्हणून लॉबीत 'नाही'कडे जाता येत नाही. तिथल्या वरिष्ठ सभागृहात, लॉर्ड्समध्ये, होय-नाहीऐवजी 'संतुष्ट' आणि 'असंतुष्ट' म्हणतात.

अवांतर: १९९८ पर्यंत कॉमन्समध्ये विभागणी चालू असताना हरकतीचा मुद्दा मांडायचा तर सदस्याने बसून आणि डोक्यावर टोपी घालून बोलायचं असा नियम होता. त्यासाठी सभागृहात घडी होणारी एक उंच टोपी ठेवलेली असे.

---

मागचा बाक

टोपी! :ड

गंभीर प्रश्न: घटनादुरुस्ती आवाजी मतदानाने होऊ शकते का?

---

पोटकलम

नाही. अनुच्छेद ३६८ ला दोन अटी एकदम लागतात: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. आकडा हातात आल्याशिवाय या दोन्ही तपासताच येत नाहीत. ५४३ पैकी २७२ हवेत हे गलक्यावरून कोण सांगणार? म्हणून लोकसभेच्या नियमांतच अशा प्रस्तावांना विभागणी सक्तीची आहे. महिला आरक्षणाच्या १०६ व्या दुरुस्तीला २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असा कौल मिळाला. इतका एकतर्फी असूनही चिठ्ठ्या वाटून मोजलाच.

साध्या बहुमताच्या प्रस्तावांना मात्र अशी सक्ती नाही, अगदी अविश्वास प्रस्तावालाही. जुलै २०१८ चा अविश्वास प्रस्ताव विभागणीत १२६ विरुद्ध ३२५ असा फेटाळला गेला. ऑगस्ट २०२३ चा आवाजी मतदानाने, कारण तोवर विरोधक सभात्याग करून बाहेर पडले होते आणि आव्हान द्यायला कोणी उरलं नव्हतं. सभात्याग करताना ही किंमत मोजावी लागते.

---

उपसूचना

आता कळीचा प्रश्न. विभागणी मागितली आणि अध्यक्षांनी दिलीच नाही तर?

दोन प्रसंग सगळ्यांना आठवत असतील. १२ नोव्हेंबर २०१४, महाराष्ट्र विधानसभा. भाजपच्या निवडून आलेल्या जागा १२२, बहुमताचा आकडा १४५. अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. विभागणीची मागणी वेळेत झाली की ठराव मंजूर झाल्यावर, यावरच सगळा वाद.

दुसरा, २० सप्टेंबर २०२०, राज्यसभा, कृषी विधेयकं. विरोधकांचं म्हणणं, आम्ही विभागणी मागितली आणि उपसभापतींनी दिली नाही. उपसभापती हरिवंश यांचं म्हणणं, मागणी करणारे आपापल्या जागेवर नव्हते आणि सभागृहात गोंधळ होता. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्या अधिवेशनात करोनामुळे राज्यसभेचे सदस्य दोन सभागृहांत आणि प्रेक्षक सज्जांत विभागून बसवले होते, हे फार कमी जणांच्या लक्षात आहे. दोन वेगळ्या दालनांतून येणारे 'होय' आणि 'नाही' एका आसनावरून ऐकायचे! वर डेसिबल यांनी दिलेला हिशोब इथे लावून बघा.

---

डेसिबल

लावला. माइकमधून येणाऱ्या आवाजाची पातळी माइक चालवणारा ठरवतो. तिथे डेसिबल मोजण्यातच अर्थ नाही.

---

पोटकलम

@उपसूचना, दोन्ही प्रसंगांतून व्यवहाराच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली, मागणी कधी करायची. 'मला वाटतं' आणि दोनदा म्हटलं जाणारं 'बहुमत आहे' यांच्या मधल्या फटीत. ही फट काही सेकंदांची असते. घाईतला पीठासीन अधिकारी ती आणखी अरुंद करतो. दुसऱ्यांदा 'बहुमत आहे' म्हणून झालं आणि पुढचा विषय पुकारला गेला की मागणी उशिराची ठरते. म्हणून अनुभवी प्रतोद पहिलं वाक्य संपायच्या आत उभे असतात.

दुसरी, कुठून करायची. स्वतःच्या जागेवरून. वेलमध्ये (अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत) उतरून घोषणा देणाऱ्याची मागणी नाकारायला अध्यक्षांना आयतं कारण मिळतं.

तिसरी, नंतर दाद कुठे मागायची. जवळपास कुठेच नाही. अनुच्छेद १२२ आणि राज्यांसाठी २१२ प्रमाणे कार्यपद्धतीतल्या अनियमिततेच्या कारणावरून सभागृहाच्या कामकाजाची वैधता न्यायालयात आव्हानित करता येत नाही. म्हणूनच बहुमत चाचणीची प्रकरणं न्यायालयात आधीच जातात. २६ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या चाचणीबद्दल आदेश दिला तेव्हा गुप्त मतदान नको आणि थेट प्रक्षेपण करा, असं आधीच बजावलं होतं.

माझं मत: एका सदस्यानेही जागेवरून विभागणी मागितली तर ती द्यावी. अध्यक्षांना मागणी फालतू वाटत असेल तर उभं करून डोकी मोजण्याचा मार्ग नियमात आहेच. गोंधळ आहे म्हणून मोजायचं नाही, हे कारण मला पटत नाही. गोंधळात आवाज तर त्याहून कमी ऐकू येतो.

---

घंटी

शेवटच्या परिच्छेदाशी अर्धा सहमत. वेल भरलेली असताना विभागणी घेताच येत नाही, सदस्य जागेवर नसेल तर त्याचं बटण कोण दाबणार? विभागणी हवी असेल तर आधी जागेवर परतणं ही विरोधकांची जबाबदारी. दोन्ही बाजूंना गोंधळ सोयीचा असतो तेव्हा आवाजी मतदान होतं.

आणि यंत्र आलं की सगळं अचूक, असंही समजू नका. लोकसभेत १९५७ पासून यंत्र आहे. जुन्या पद्धतीत पहिली घंटा झाल्यावर एका हाताने मतदान सुरू करणारी कळ आणि दुसऱ्या हाताने होय, नाही किंवा तटस्थ यातलं एक बटण, ही दोन्ही एकाच वेळी, दहा सेकंदांनी दुसरी घंटा होईपर्यंत दाबून धरायची. आधी हात काढला की मत गेलं. म्हणून चिठ्ठ्या ठेवाव्या लागतात: हिरवी होय, लाल नाही, पिवळी तटस्थ. १७ डिसेंबर २०२४ ला एकत्रित निवडणुकांचं विधेयक मांडताना यंत्राचा आकडा २२० विरुद्ध १४९ होता. चिठ्ठ्या धरून अंतिम आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला. शंभराच्या आसपास मतं चिठ्ठ्यांनी आली.

---

मागचा बाक

विधानसभेतली शिरगणती कशी करतात मग?

---

उपसूचना

रांगेने. सदस्य उभा राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगतो, अधिकारी मोजत जातात, मग दुसरी बाजू. ३ जुलै २०२२ ला विधानसभा अध्यक्षांची निवड अशी झाली, राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७. गंमत म्हणजे डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने करायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात पहिल्यांदा वेळ आली तेव्हा आव्हान आलं आणि डोकी मोजावी लागली.

---

मागचा बाक

शेवटची शंका. आवाजी मतदानात समसमान झालं तर अध्यक्षांचं निर्णायक मत?

---

पोटकलम

ते तिथे उद्भवतच नाही. समसमान आहे हे कळायलाच मोजणी लागते. अनुच्छेद १०० आणि १८९ प्रमाणे पीठासीन अधिकारी एरवी मत देत नाही, समान मतं पडली तरच देतो. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं पडलं, तेव्हाही एका मताचा फरक असल्याने अध्यक्षांवर ती वेळ आली नाही. तो ठराव आवाजावर सोडला असता तर काय ऐकू आलं असतं, याचा हिशोब डेसिबल यांच्यावर सोपवतो.

---

डेसिबल

०.०१६ डेसिबल. पंख्याचा आवाज बंद करा आधी.

---

तिसरे वाचन

कार्यवृत्त वाचणाऱ्यांसाठी एक खूण. नुसतं 'प्रस्ताव मंजूर झाला' एवढंच असेल तर आवाजी. आकडे आहेत पण नावं नाहीत, तर उभं करून मोजलेलं. आकडे आणि नावांची यादी दोन्ही असतील तर विभागणी. लोकसभेच्या कार्यवृत्तात विभागणीच्या निकालाखाली 'दुरुस्तीच्या अधीन' अशी टीप असते. तीही वाचा, कारण चिठ्ठीने मत सुधारणाऱ्यांची नावं तिथेच सापडतात.